एक जूनचा वाढदिवस

धामणमाळच्या फाट्यावर वडापच्या जीपची वाट बघत उभी असताना वनिताला आपली लेक दिसली. विजेच्या दोन खांबांना बांधलेल्या फ्लेक्सवर होती ती, माणसाच्या दुप्पट उंचीची. निळी साडी, केसांत गजरा, हात जोडलेले. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘उच्चशिक्षित, कर्तव्यदक्ष युवा नेतृत्व शेफालीताई यांना एकविसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ खालच्या कोपऱ्यात आनंदराव, गावचे माजी सरपंच, पांढऱ्या शर्टात. त्यांचा फोटो शेफालीच्या निम्मा होता. वनितानं सगळ्यात आधी हेच पाहिलं. आनंदरावांनी आजवर कुणाच्याही वाढदिवसाला स्वतःचा फोटो लहान लावला नव्हता.

मग तिनं तारीख वाचली. एक जून.

आज तिच्या लेकीचा वाढदिवस नव्हताच.

ती फ्लेक्सच्या अगदी जवळ गेली. हा फोटो तिनंच काढला होता, कॉलेजात साड्या नेसून जायचा दिवस होता तेव्हा. दारातल्या शेवग्याखाली उभं करून, शेफालीच्याच मोबाईलवर. तेव्हा पोरीचे हात खाली होते आणि एका हातात पर्स होती. मग हे जोडलेले हात कुणाचे? मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. शेफाली बांगड्या घालत नव्हती. कुणातरी दुसऱ्याच बाईचे हात तिच्या लेकीला चिकटवले होते.

वडापवाल्यानं हॉर्न दिला. “काय वैनी, पोरगी पुढारी झाली की!” तो म्हणाला. वनिता मागं जाऊन बसली.

वनिताला गावात संशयी बाई म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. दारात कुणी काही फुकट वाटायला आलं, तर ती आधी शेजारच्या चार घरांत विचारून यायची. गोड बोलणाऱ्या माणसाशी ती कमी बोलायची. किकवीजवळ महामार्गावरच्या एका हॉटेलात ती चुलीवर भाकऱ्या करायला होती. पुण्याची माणसं गाड्या थांबवून जेवायला यायची, काचेपलीकडून तिचे फोटो काढायची. तिला तेही पटायचं नाही. आपला फोटो कुठं जातो, कोण बघतं, काय ठाऊक.

या संशयाला कारण होतं, आणि त्याचं नाव रत्ना. रत्ना तिची थोरली जाऊ. पूर्वी एकदा वस्तीतली जागा राखीव झाली, तेव्हा आनंदरावांनी रत्नाला मेंबर केलं. ‘तुम्ही फक्त उभ्या राहा, सगळं आम्ही बघू,’ असं म्हणाले होते. पाच वर्षं रत्ना मेंबर होती. बैठकीला तिला कुणी बोलावलं नाही, कागद मात्र घरी यायचे. खुरपं बाजूला ठेवून ती सही करायची. मग वस्तीत न बांधलेले संडास कागदावर बांधलेले निघाले आणि त्याखाली रत्नाची सही निघाली. चौकशीसाठी ती भोरला खेटे घालत राहिली. आनंदराव त्या दिवसांत तिला ओळखत नव्हते. शेवटी दीर-जाऊ गाव सोडून पुण्याला गेले, ते लग्नकार्यालासुद्धा परत येईनात.

हॉटेलात पोचल्यावर वनितानं नवऱ्याला फोन लावला. हनुमंत शिरवळकडं एका कंपनीत वॉचमन होता.

“बगितलास का फ्लेक्स?” फोन उचलताच तो म्हणाला. “म्या फोटो काढून समद्यांना पाठवला! आण्णा सोता भेटले मला सकाळी. जय भीम म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

“आण्णा गं. आनंदरावआण्णा.”

“आदी कदी म्हणाले व्हते?”

“न्हाई,” तो म्हणाला. “पण आज म्हणाले की.”

वनितानं फोन ठेवला आणि परातीत पीठ घेतलं. शेजारच्या चुलीवर सगुणाबाई होत्या, तिच्याहून वयानं मोठ्या, जुन्या जाणत्या. त्यांनी हकीकत ऐकली आणि भाकरी उलटत विचारलं, “तुमच्या वार्डाची चिठ्ठी काय निघाली औंदा?”

“कसली चिठ्ठी?”

“आरक्षणाची. आमच्या नातवानं सांगितलं. तुमची वस्ती बायांना निघाली, तुमच्या समाजाच्या. पावसाळा सरता सरता निवडणूक हाय. उभं ऱ्हायला एकवीस पुरी लागत्यात, आन् पोरगी शिकल्याली लागती. वस्तीत अशा किती हायत तुमच्या?”

वनितानं मनात घरं मोजली. फार नव्हती.

म्हणजे वाढदिवसाचं निमित्त होतं. आनंदरावांनी मतदारयादी चाळली होती आणि कुणाची लेक कधी एकविसाची होते ते बघून ठेवलं होतं. पण फोटो? फोटो यादीत नसतो. तो शेफालीच्या मोबाईलमध्ये होता. वनिताच्या हातातली भाकरी थापता थापता फाटली.

गेला महिनाभर पोरगी उशिरा येत होती, हे तिला आता आठवलं. भोरची शेवटची एसटी चुकली म्हणायची. घरी आल्यावर मोबाईल पालथा ठेवायची. वनितानं कुणी मुलगा असेल असं धरलं होतं. रोज तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघत होती. लहानपणी हीच पोर तिच्यापासून एकही गोष्ट लपवू शकत नव्हती. चोरून गूळ खाल्ला तरी आपण होऊन जीभ दाखवायची. ते कधी थांबलं, हे वनिताला सांगता येईना. एखाद्या दिवशी थांबलं असेल, आणि त्या दिवशी ती इथंच असेल, दुसऱ्यांसाठी भाकऱ्या थापत.

शेफाली जन्मली ती वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पाठीमागच्या वाडीत, वनिताच्या माहेरी. दसऱ्याचा आठवडा होता, खाचरांत भात लोंब्यांनी वाकलं होतं. वनिताच्या आईनं, धोंडाबाईनं, घरातच बाळंतपण केलं. नोंद कुणी केली नाही. पुढं शाळेत घालताना गुरुजींनी तारीख विचारली. हनुमंत म्हणाला, दसऱ्याच्या आसपास. गुरुजी म्हणाले, मग यंदा पहिलीत बसणार नाही, आणि त्यांनी एक जून लिहून टाकला. निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनच होता. घरात मात्र दसऱ्यालाच शिरा व्हायचा. कागदावरची ती चार महिन्यांची वाढ वनितानं कधी मनावर घेतली नव्हती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, कुणीतरी तिच्या पोरीला वेळेआधीच मोठं केलं होतं, आणि आता कुणीतरी दुसरंच ते वय वापरायला आलं होतं.

दिवस मावळताना ती फाट्यावर उतरली, तर चौकात मांडव होता. स्पीकर लावला होता. टेबलावर केक होता, त्याच्यावर शेफालीचं नाव. शेफाली निळी साडी नेसून उभी होती, शेजारी हनुमंत इस्त्रीच्या शर्टात, कडक उभा. आनंदराव वनिताला बघून पुढं आले.

“जय भीम, वहिनी! तुमचीच वाट बघत होतो.”

याच माणसानं मागच्या महिन्यापर्यंत तिला ‘हनुमंताची बाई’ म्हणूनच हाक मारली होती.

केक कापला गेला. आनंदरावांनी माईक हातात घेतला. शेफाली ही एका घरची नाही, सगळ्या गावची लेक आहे, असं ते म्हणाले. तरुण पिढीनं पुढं यायला पाहिजे, आम्ही पाठीशी आहोत, असंही म्हणाले. टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, “आता आईनं आशीर्वादाचे दोन शब्द बोलावेत,” आणि माईक वनिताच्या हातात दिला.

वनितानं आयुष्यात माईक धरला नव्हता. तिनं लेकीकडं बघितलं. लेक हसत होती, पण ते हसू वनिताच्या ओळखीचं नव्हतं. कुणाकडं न बघता सगळ्यांसाठी हसल्यासारखं.

“आज हिचा वाडदिवस न्हाई,” वनिता म्हणाली. तिचाच आवाज मोठा होऊन चौकात घुमला. “दसऱ्याला असतोय.”

मग पोरं हसली. आनंदरावांनी माईक परत घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, “मग दसऱ्याला पुन्हा करू! आपल्याला काय, केक दोनदा खायला मिळेल!” पुन्हा हशा झाला. पण हसताना ते वनिताकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले, आणि ते तिनं टिपलं.

घरी येऊन दार लोटल्यावर शेफालीनं पदराची पिन ओढून काढली आणि फेकली.

“तुला कळतं का तू काय केलंस?”

“खरं ते बोलले.”

“खरं! दसऱ्याला एकवीस झाले म्हणजे निवडणुकीला मी वीसची! कुणी हरकत घेतली तर अर्जच बाद होईल.”

“मंजी तुला उभं ऱ्हायाचंय.”

“हो.”

“फोटो कुणी दिला त्यांना?”

“मी दिला. त्यांनी मागितला, मी दिला. ते हात तेवढे माझे नाहीत, ते त्यांनी लावले.”

“आन् ती रोज चुकणारी एसटी?”

शेफाली खाली बसली. महिनाभर ती भोरला एका वकीलबाईंकडं जात होती. ग्रामपंचायतीत मेंबरला काय विचारता येतं, काय बघायला मागता येतं, ते समजून घेत होती. जातीचे दाखले काढत होती. “तुला सांगितलं असतं तर तू रत्नाकाकूचं नाव काढलं असतंस,” ती म्हणाली.

“काडलंच असतं! तिला काय दिसत नव्हतं व्हय? तीबी हुशारच व्हती.”

“काकूला कुणी वाचायला शिकवलं नव्हतं, आई. सही तेवढी शिकवली होती.”

हनुमंत दोघींच्या मधे केकचा डबा धरून उभा होता. तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

वनितानं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. पोरगी खोटं बोलते असं तिला वाटत नव्हतं. आनंदराव रत्नाशीही अगदी असंच आदरानं बोलले होते, आणि रत्नाही सुरुवातीला अशीच ताठ चालायची. माणूस कुठल्या दिवशी वाकतो हे त्याचं त्यालाही कळत नाही, हे वनितानं जवळून बघितलं होतं. पुढचे दोन महिने ती शेफालीवर नजर ठेवून राहिली. कुणाचा फोन आला, कुणाच्या गाडीतून उतरली, कुणाचं नाव घेताना आवाज बदलला, सगळं ती बघत होती. शेफालीला ते दिसत होतं आणि ती चिडत होती. जेवताना घरात भांड्यांचा तेवढा आवाज व्हायचा.

श्रावण सरत आला असताना कोंडिबा आला. तो आनंदरावांचा माणूस, त्यांचे निरोप पोचवायचा. वनिता आतल्या खोलीत धान्य निवडत होती. बाहेर जायचं तिनं मुद्दाम टाळलं आणि दाराच्या फटीतून बघत राहिली. आता ही काय करते ते तिला बघायचं होतं.

“ताई, हितं एक सही पाहिजे आण्णांना,” कोंडिबा म्हणाला.

शेफालीनं कागद घेतला. वाचायला तिला वेळ लागला नाही, पण तिनं तो दोनदा वाचला.

“हा राजीनामा आहे.”

“व्हय. समद्यांचाच घेत्यात. रीत हाय ती.”

“मी अजून निवडून आलेली नाही आणि राजीनामा कसा देऊ? आणि खाली तारीख नाही.”

“तारीख आण्णा टाकतील की, लागल तवा.”

आत वनिताचे हात सुपातच राहिले. तिला रत्नाचं खुरपं आठवलं. पोरगी आता म्हणेल, ठीक आहे. पोरगी आता पेन मागेल.

“काका, चहा घेणार?” शेफालीनं विचारलं. कोंडिबा नको म्हणाला. “मग आण्णांना सांगा, तारीख नसलेल्या कागदावर मी सही करत नाही. त्यांना राग आला तर येऊ दे.” तिनं कागदाची घडी घालून परत दिली. कोंडिबा गेल्यावर शेफाली उंबऱ्यात बसून राहिली. वनिता बाहेर आली, तिच्या शेजारी बसली. ऐकलं असं तिनं सांगितलं नाही.

“कोण आलतं?”

“कोंडिबाकाका.”

“काय म्हणत व्हता?”

शेफालीनं सगळं सांगितलं, जसं झालं तसं. वनिता शब्द न् शब्द पडताळून बघत होती. एकही गाळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरचा शेफालीचा फ्लेक्स उतरला. आठवड्याभरात वस्तीतल्याच एका घरच्या सुनेचा फोटो त्याच जागी चढला, तेच हिरव्या बांगड्यांचे हात जोडून. शेफालीनं अपक्ष अर्ज भरला.

छाननीच्या आदल्या दिवशी कोंडिबा हॉटेलात आला. जेवायला बसला नाही, सरळ चुलीपाशी आला.

“वैनी, उद्या भोरला हरकत घेणार हायत. पोरीच्या वयावर. तुमाला इचारतील. खरं ते सांगा, येवडंच आण्णांचं म्हणनं. तुमीच माइकवर बोलला व्हता की. खरं बोलाया भ्या कसलं?”

तो गेला आणि वनिता तव्याकडं बघत राहिली. भाकरी करपली, सगुणाबाईंनी ती उचलली. एक वाक्य बोललं की संपलं, हे वनिताला कळत होतं. पोरगी घरी राहील, बी.ए. पुरं करील, नोकरी बघेल. कुणाच्या चौकशीत नाव येणार नाही. शिवाय ते वाक्य खरं होतं. महिनोन् महिने तिला जे हवं होतं, ते कुणीतरी हातात आणून दिलं होतं. आणि ते आणून देणारा आनंदरावांचा माणूस होता, हीच गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी भोरच्या कचेरीत गर्दी होती. हरकत घेणाऱ्यानं वाढदिवसाचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला. वनिताचा आवाज पुन्हा घुमला, दसऱ्याला असतोय. अधिकाऱ्यांनी शेफालीचा शाळेचा दाखला बघितला, मग वर बघून विचारलं, “आई आलीय का? बाई, मुलगी कधी जन्मली?”

शेफालीनं आईकडं बघितलंच नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती, जशी लहानपणी इंजेक्शन घेताना बघायची.

“सायेब,” वनिता म्हणाली, “तवा म्या बाळंतीण व्हते. कॅलेंडर बगाया कुठं उठणार? गुरुजींनी लिवलं त्येच खरं. ते शिकल्याले व्हते.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अधिकारीही हसू दाबत म्हणाले, दाखला वैध आहे, हरकत फेटाळली. आनंदराव दारापाशी उभे होते. ते जाताना वनिताला जय भीम म्हणाले नाहीत. तिला बरं वाटलं. आता तरी ते खरं वागत होते.

बाहेर आल्यावर शेफालीनं तिचा हात धरला. वनितानं तो सोडवून घेतला. “माज्याकडनं खोटं वदवलंस,” ती म्हणाली. थोडं पुढं जाऊन तिनंच परत हात पुढं केला, रस्ता ओलांडायचा होता म्हणून.

निवडणूक झाली. वस्तीनं भरभरून मतं दिली असं नव्हे. शेफाली थोडक्या मतांनी निवडून आली, आणि आपल्याला कुणी मत दिलं नाही याचा वनितानं पुढं बरेच दिवस अंदाज बांधला. गुलाल उडाला, हनुमंत रडला. बाकीचे सगळे मेंबर आनंदरावांच्या पॅनेलचे होते.

पहिल्या बैठकीच्या दिवशी वनितानं हॉटेलात सुट्टी सांगितली. मी एकटी जाईन, असं शेफाली म्हणाली, तरी ती मागं गेली आणि ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर बसून राहिली. खिडकीतून पोरीची पाठ दिसत होती. खुर्चीवर बसली होती, एवढं नक्की. बराच वेळ आतून बोलण्याचे आवाज येत होते. एकदा हसण्याचा आला.

दिवेलागणीला शेफाली बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. दोघी घराकडं चालू लागल्या.

“वस्तीतल्या दिव्यांचं मी मांडलं,” ती म्हणाली. “आनंदराव स्वतः म्हणाले, पोरगी बरोबर बोलतेय, घ्या विषयात.”

“ते कशाला व्हते आत? ते मेंबर हायत व्हय?”

“बसतात ते. आता त्याचंही बघू.”

“म्हणाले बरोबर हाय, आन् मग?”

“मग मंजूर झालं.”

“लगेच?”

“लगेच.”

वनिता थांबली. “आन् सही केलीस?”

“हजेरीला केली.”

“आन् दिव्यांचं काय लिवलं त्या मोठ्या वहीत? तू बगितलंस?”

ग्रामसेवक लिहून घेतो म्हणाला होता, आणि शेफालीनं वही बघितलीच नव्हती. ती हसत बाहेर पडली होती.

“आत्ता जाऊ?” तिनं विचारलं.

“मला काय इचारतीस,” वनिता म्हणाली. “मेंबर तू हायस.”

शेफाली मागं वळली आणि भराभरा चालू लागली. वनिता रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत राहिली, ग्रामपंचायतीतला दिवा अजून चालू आहे की कुणी मालवला ते.